शिकण्याची पैसेवारी

डिसेंबरातल्या संध्याकाळी प्रयोगशाळा रिकामी झाली की तिचा खरा वास येतो. दिवसभर मुलांच्या गर्दीत दबून राहिलेला फॉर्मॅलिनचा उग्रपणा, सॅफ्रॅनिननं लाल झालेल्या बेसिनचा ओलसर गंध, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेल्या झाडपाल्याचा वाळल्या गवतासारखा दरवळ. कुंपणापलीकडं शाळू कंबरेला लागलेला असतो. वारं सुटलं की त्याच्या पानांची सळसळ खिडकीच्या काचेपर्यंत येते. खटावच्या या कोरड्या मुलखात शाळू हिरवा दिसणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळं हात कामात असले तरी डोळे सारखे बाहेर जातात.

मागच्या वर्षीच्या अशाच एका संध्याकाळी माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या. संगणकावर एक कोष्टक उघडं होतं. आडव्या ओळींत माझ्या विषयाच्या सहा निष्पत्ती, उभ्या रकान्यांत सबंध पदवीच्या, आणि चौकटीचौकटीत एक, दोन, तीन असे आकडे. अगदी शेवटी सहाही ओळींची सरासरी आली होती, २.८३. तीनपैकी २.८३. आणि टेबलावर, भिंगाच्या शेजारी, २२ कागदांची चळत होती. त्या कागदांतून निघालेला आकडा मी पेन्सिलीनं वरच्या कोपऱ्यात लिहिला होता. तो होता शून्य.

दोन्ही आकडे त्याच २२ मुलांचे. विषय तोच, सत्र तेच, शिकवणारी मीच.

महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना हे कोष्टक काही नवं नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे आपली नॅक, १९९४ साली स्थापन झाली. तिच्या सात निकषांतला दुसरा शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापन यांचा. त्यातलं २.६ हे कलम विचारतं, की तुमच्याकडून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला काय काय करता आलं पाहिजे, हे तुम्ही ठरवलं आहे का? ते जाहीर केलं आहे का? आणि ते साधलं की नाही, हे तपासता का? अभियांत्रिकीच्या लोकांवर ही वेळ आमच्या आधी आली. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि त्यांच्या अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती याच मापानं होऊ लागली. पुढं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि अध्ययन निष्पत्ती हा शब्द प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर जाऊन बसला. स्टाफरूममध्ये मात्र तो शब्द कुणी उच्चारत नाही. तिथं सीओ-पीओ, म्हणजे विषयाच्या आणि पदवीच्या निष्पत्ती, मॅपिंग, अटेनमेंट हीच भाषा. ‘अटेनमेंट काढली का?’ हे आम्ही एकमेकांना ‘जेवण झालं का?’ इतक्या सहज विचारतो.

मला निष्पत्ती हा शब्द आवडतो. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळं तो कानावर पडला की मला उतारा आठवतो. बी किती पेरलं, पाळ्या किती घातल्या, खत किती टाकलं, हे कुणीही सांगेल. एकरी उतारा किती पडला, हा प्रश्न निराळा. आमच्या महाविद्यालयांनी पिढ्यान्‌पिढ्या पेरणीचाच हिशेब ठेवला. तास किती झाले, पोर्शन पुरा झाला का, हजेरी किती भरली. पोरांच्या पदरात काय पडलं, हे बघायचं काम वर्षअखेरच्या तीन तासांवर सोपवून आम्ही मोकळे झालो.

याला जुनं कारण आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवायचं महाविद्यालयांनी, तपासायचं विद्यापीठानं. शिकवणारा हात एकीकडं आणि मोजणारा हात दुसरीकडं, अशी ही घडण आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच नेमलेल्या राधाकृष्णन आयोगानं स्पष्ट सांगून ठेवलं, की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षेची सुचवू. आयोगाचा अहवाल आला १९४९ च्या सुमारास. त्याच १९४९ साली तिकडं अमेरिकेत राल्फ टायलर यांचं अभ्यासक्रमाच्या तत्त्वांवरचं छोटंसं पुस्तक निघालं. त्यात चार प्रश्न होते. काय साधायचं आहे, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कसे लावायचे आणि साधलं हे ओळखायचं कसं. त्यांच्यानंतर बेंजामिन ब्लूम. शिकागो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं काम बघणारा हा माणूस. १९५६ साली त्यांच्या गटानं शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. नंतरच्या एक-दोन वर्षांत ते भारतात आले, इथल्या शिक्षकांबरोबर बसून प्रश्न कसे काढावेत यावर त्यांनी कार्यशाळा घेतल्या. बी.एड.ला संविधान तक्ता करताना आपण ‘आकलन’ आणि ‘उपयोजन’ हे रकाने आखतो ते तिथून आलेले.

म्हणजे हा प्रश्न काही कुणी वरून लादलेलं झेंगट नव्हे. आपल्या घरी पाऊण शतक मुक्कामाला असलेला हा प्रश्न आहे. आणि तो चांगला प्रश्न आहे. मुलाला काय येतं? इतकाच. प्रत्येक शिक्षकाला रात्री झोपताना पडावा असा.

मग २.८३ आणि शून्य यांच्यामध्ये काय आहे?

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते आमच्या रानात सापडलं, आणि ते मला फार आधी दिलेलं होतं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पावसानं जूनमध्ये तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. बाजरी गुडघ्याला लागली तेव्हाच तिची पानं दुपारी सुरळीसारखी वळायला लागली होती. कणसं आली, पण बोटभर, आणि चिमटीत धरून चोळली तर दाण्यापेक्षा फोलच जास्त. अशा साली गावात एकच विषय असतो, पैसेवारी किती लागणार. पूर्वी आणेवारी म्हणत. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस. आता रुपयात किती पैसे पीक, असं मोजतात, आणि तेव्हा ५० पैशांच्या आत आकडा आला तर गाव दुष्काळी धरत. आधी नजर पैसेवारी, म्हणजे उभं पीक बघून केलेला अंदाज. मग पीक कापणी. गटांचे नंबर चिठ्ठीनं निघतात. ज्याचा नंबर निघेल त्याच्या रानात, कोपऱ्यापासून किती पावलं लांबीत आणि किती पावलं रुंदीत जायचं हेसुद्धा आधीच चिठ्ठीनं ठरलेलं. तिथं खुंट्या ठोकायच्या, दोरी लावून चौकोन आखायचा, त्यातलंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं.

त्या वर्षी नंबर आमच्या रानाचा निघाला. तलाठी, कृषी सहायक, पोलीस पाटील आणि गावातली चार जाणती माणसं बांधावर जमली. मी सुट्टीला आले होते, दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. पावलं मोजत गेलो तर चौकोन पडला तो नेमका जुन्या खळ्याच्या जागी. वर्षानुवर्षं तिथं शेणखताचा ढीग असायचा. सगळ्या रानात तेवढीच बाजरी धड होती.

माणसं चुळबुळली. एक जण म्हणाले, “भाऊसाहेब, चार पावलं अलीकडं घ्या की. सगळं रान जळालंय आन् तुमी नेमकं हितंच कापताय व्हय?”

तलाठ्यांनी माझ्या वडिलांकडं, अण्णांकडं बघितलं. रान अण्णांचं, नुकसान अण्णांचं.

अण्णा म्हणाले, “दोरी पडली तिथंच कापा, भाऊसाहेब. आज माझ्यासाठी सरकवली, तर उद्या माझ्यावर सरकंल.”

मला तेव्हा राग आला होता. घरात दाणा यायची पंचाईत आणि हा माणूस दोरीचा न्याय करत बसला आहे. संध्याकाळी मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. ते म्हणाले, “बांधावरनं रान बघू नये, पोरी. बांधाकडंचं पीक कधी लई चांगलं आसतं, कधी लई वाईट. आत शिरावं आन् जिथं पाय पडंल तिथलं बघावं. आपल्या मनानं जागा निवडली, की आपल्याला पायजे तेवढंच दिसतं.”

बाकीच्या गटांत कापणी झाली. सगळ्यांचा मेळ घातल्यावर गावाचा आकडा ५० पैशांच्या आतच आला. शेतसाऱ्यात सूट मिळाली, सोसायटीच्या वसुलीला स्थगिती मिळाली. आणि दुष्काळी गावातल्या मुलांना परीक्षा शुल्क माफ होतं, तसं माझंही झालं. ती रक्कम आज सांगितली तर लहान वाटेल. त्या वर्षी ती घरात नव्हती. मी परीक्षेला बसले ती एका खऱ्या, कमी आकड्याच्या जोरावर.

पुढं एम.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकताना पानसे आणि सुखात्मे यांचं शेती संशोधनासाठी लिहिलेलं १९५४ चं पुस्तक हातात आलं. तेव्हा कळलं, की त्या दोरीमागं केवढं काम उभं आहे. पीक कापणीसाठी जागा यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे कुणाच्याही मर्जीला वाव न ठेवता निवडायची, ही रीत या दोघांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना देशभर रुजवली. आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालचा, बुध गावचा. आमच्याच खटाव तालुक्यातलं बुध. दुष्काळाच्या मुलखातला एक मुलगा मोठा होऊन जगाला सांगतो, की पीक किती आलं हे प्रामाणिकपणे कसं मोजावं. ग्रंथालयात ते वाचताना मला अण्णांचा बैलाच्या पाठीवरचा हात दिसला होता. अण्णांनी सुखात्म्यांचं नावही ऐकलं नसेल. पण दोघांना एकच गोष्ट कळली होती.

आता माझं २.८३ कसं आलं ते सांगते.

माझ्या विषयाची दुसरी निष्पत्ती अशी आहे: ‘विद्यार्थी परिसरातील सपुष्प वनस्पतीचे निरीक्षण करून तिचे कुळ ओळखू शकेल.’ हे वाक्य मीच लिहिलेलं. त्यावर प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असतो. मुलासमोर फूल ठेवतात, त्यानं वर्णन लिहायचं, आकृती काढायची, कुळ सांगायचं. पण फूल कोणतं ठेवतात? जास्वंद, धोतरा, सदाफुली. वर्षानुवर्षं हीच. जास्वंद आली की मालव्हेसी, धोतरा आला की सोलॅनेसी, सदाफुली आली की अपोसायनेसी. जर्नलमध्ये तिन्हींची वर्णनं सुवाच्य अक्षरात लिहिलेली, आकृत्या रंगवलेल्या, खाली माझी सही. मुलं ती पाठ करून येतात. आमच्या महाविद्यालयानं पायऱ्या ठरवल्या आहेत. ७० टक्के मुलांना त्या प्रश्नात निम्म्याहून जास्त गुण पडले तर तीन, ६० टक्क्यांना पडले तर दोन, ५० टक्क्यांना पडले तर एक, आणि त्याखाली शून्य. जास्वंदीवर निम्मे गुण कुणाला पडत नाहीत? शिवाय ८० टक्के भार या गुणांचा आणि २० टक्के मुलांनी सत्राअखेर भरून दिलेल्या अभिप्रायाचा. मुलं चांगली असतात. बाईंना वाईट वाटेल असं ती लिहीत नाहीत.

यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. प्रत्येक गुण खरा होता, प्रत्येक बेरीज बरोबर होती. पण दोरी मी खळ्याच्या जागी लावली होती, आणि तीसुद्धा चिठ्ठी न टाकता, जाणूनबुजून, दर वर्षी.

हे मनात घोळत असताना ऑक्टोबरात एका दुपारी मी प्रयोगशाळेतल्या मामांना दोन चिठ्ठ्या उचलायला सांगितल्या. एकीवर ३७ निघाले, दुसरीवर ११. फाटकापासून कुंपणालगत ३७ पावलं चालले, तिथून ११ पावलं आत. पुढं जे पहिलं फुललेलं झाड दिसेल ते घ्यायचं, असं स्वतःला बजावलं होतं. समोर पेटारी होती. कुणी तिला मुद्रा म्हणतं. पडीक जागेत, रस्त्याकडंला कुठंही उगवते, म्हणून कुणी तिच्याकडं बघत नाही. मऊ लवेची हृदयाकृती पानं, दिवस कलताना उमलणारी पिवळी फुलं आणि गाडीच्या चाकासारखं दिसणारं गोल, खाचाखाचांचं फळ. मी पुरेशा फांद्या कापल्या आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक ठेवली. बरोबर सुई, ब्लेड. नाव सांगितलं नाही. ४० मिनिटं दिली.

पेटारी जास्वंदीच्याच कुळातली. पुंकेसर एकत्र जुळून नळी झालेली, तीच ती खूण. पण एक फरक आहे. जास्वंदीच्या फुलाखाली हिरव्या निदलांच्याही बाहेर पाच-सात अरुंद हिरव्या पात्यांची आणखी एक झालर असते. एपिकॅलिक्स. पेटारीला ती नसते. हा फरक क्षुल्लक नाही. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात या कुळाच्या वाटा जिथं फुटतात तिथं हाच प्रश्न उभा असतो. झालर आहे की नाही? आहे म्हटलं तर जास्वंदीकडं जाल, नाही म्हटलं तर पेटारी आणि चिकणा यांच्याकडं. डोळ्यांनी बघून द्यायचं उत्तर आहे हे. एकदा चुकलं की पुढची सगळी वाट चुकते.

त्या रात्री मी कागद तपासले. २२ पैकी १४ मुलांनी लिहिलं होतं, ‘एपिकॅलिक्स आहे’. कित्येकांनी पात्यांची संख्याही दिली होती, पाच. काहींनी आकृतीत ती झालर काढली होती, नीट छायांकित करून. समोरच्या फुलात नसलेली गोष्ट. दोघांनी कागद कोरा ठेवला. उरलेल्या सहा जणांनी जे होतं ते लिहिलं.

२२ पैकी सहा. आमच्याच पायऱ्यांनी, शून्य.

ती आकृत्यांची पानं मी पुन्हा पुन्हा उलटत राहिले. मला कागदावरच्या त्या नसलेल्या झालरीकडं बघवत नव्हतं. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी त्या १४ जणांत होती. तिच्या रेषा इतक्या सुरेख, की क्षणभर मीच पुन्हा फूल उचलून खात्री केली.

दुसऱ्या दिवशी मुलांना मी काहीच सांगितलं नाही. ताज्या फांद्या ठेवल्या आणि म्हटलं, “निदलांच्या खाली बोट लावा. काय लागतंय ते सांगा.” वर्गात शांतता होती. मग त्या हुशार मुलीचा आवाज आला, चकित झालेला, “मॅडम, नाहीच की ओ इथं काही!”

दोन मिनिटं लागली होती तिला. तिला डोळे होते, बुद्धी होती, चिकाटी होती. दोन वर्षांत आम्ही तिला कधी बघायला सांगितलंच नव्हतं. आठवायला सांगितलं होतं.

ज्या सहा जणांनी बरोबर लिहिलं, त्यांच्यातल्या एका मुलीचं जर्नल कायम अपुरं असायचं. इंटर्नलला तिला काठावरचे गुण. तिनं पुष्पसूत्र साफ चुकवलं होतं, पण खाली लिहिलं होतं, की जास्वंदीसारखी नळी आहे पण खालची पानं नाहीत, म्हणून कुळ तेच असावं, झाड वेगळं. आणि आणखी एक ओळ, ‘लहानपणी याचं फळ ओल्या मातीवर दाबून आम्ही शिक्के उठवायचो.’ मुद्रा हे नाव त्यावरूनच पडलं असणार. ती ओळ तिनं परीक्षेत लिहिली, कारण पहिल्यांदा तिच्यासमोर तिच्या ओळखीचं झाड आलं होतं. माझ्या कोष्टकात या ओळीला जागा नाही. हेही मला मान्य करायला हवं. पैसेवारी दाण्यांची असते. रानात त्याखेरीजही पुष्कळ काही पिकतं, आणि एखाद्या मुलाच्या मनात झाडांविषयी जी माया उगवते तिला तोलणारा काटा माझ्यापाशी नाही, कुणापाशी नसावा. पण म्हणून दाणे तोलायचेच नाहीत, असं होत नाही. दाण्यावर घर चालतं.

तर त्या डिसेंबरच्या संध्याकाळी मी दुसऱ्या ओळीवर आले. तिथं तीन होता. तो तसाच ठेवला असता तर कुणी विचारणार नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या गुणांचे पुरावे फाइलमध्ये लावलेले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी दुपारीच सांगितलं होतं, तेव्हा ते काळजीनं म्हणाले होते, “बाई, आकडा खाली गेला तर नॅकची पीअर टीम विचारेल.” त्यांचं चुकत नव्हतं. महाविद्यालयाची श्रेणी अशाच आकड्यांवर ठरते, आणि श्रेणीवर पुढचं पुष्कळ काही. आपल्याकडं कमी आकडा म्हणजे शिकवणाऱ्याची नाचक्की, असं सगळे धरून चालतात. म्हणून आम्ही सगळे मिळून दर वर्षी सोळा आणे पीक जाहीर करतो.

पण गावाला हे परवडलं नसतं. सुकलेल्या रानावर ८० पैसे लिहून कागद वर धाडले असते तर त्या वर्षी ना साऱ्यात सूट मिळाली असती, ना वसुली थांबली असती. दुष्काळ जाहीर झाला म्हणून मदत आली. कमी आकडा ही गावानं घातलेली हाक होती. आमच्या वर्गांतही दुष्काळ पडतो. मूल पदवीपर्यंत येतं आणि समोरच्या फुलात काय आहे ते त्याला दिसत नाही. पण तो जाहीर होत नाही, आणि म्हणून मदतही येत नाही. मुलं ६० टक्के, ७० टक्के गुणांच्या गुणपत्रिका घेऊन बाहेर पडतात. जगात पहिली पेटारी समोर आली की त्यांना कळतं, आपल्याला काहीतरी दिलं गेलं नव्हतं. तोवर विचारायला जागा उरलेली नसते. त्यांना वाटतं, उणीव आपल्यातच होती.

मी तीन खोडला आणि शून्य लिहिला. कोष्टकानं आपोआप सरासरी बदलली, २.३३. बाहेर शाळू काळोखात गेला होता, नुसती सळसळ ऐकू येत होती. मला हलकं वाटलं.

त्या कोष्टकात शेवटून दुसरा एक रकाना असतो, ‘केलेली कृती’. एरवी तिथं आम्ही ‘लागू नाही’ लिहितो, कारण सगळं साधलेलंच असतं. या वेळी तिथं लिहायला जागा अपुरी पडली. ठरावीक फुलांची यादी बंद. पंधरवड्यातून एक प्रात्यक्षिक कुंपणाबाहेर. परीक्षेतलं फूल चिठ्ठीनं निवडायचं. प्रत्येक मुलामागं एक भिंग. आमच्या प्राचार्यांनी तो कागद वाचला, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग २० भिंगांची मागणी मंजूर केली. याआधी दोनदा मी तीच मागणी केली होती. तेव्हा सोबत २.८ च्या आसपासचा आकडा असायचा, आणि सगळं ठीक चाललेल्या वर्गाला भिंगं कशाला, असं कुणालाही वाटणार. यंदा शून्यानं भिंगं आणली. माझं परीक्षा शुल्क माफ झालं होतं, तसंच हे.

माझ्यासारख्या गावोगावच्या शिक्षकांना मला एवढंच सांगायचं आहे. निष्पत्तीचं काम डोक्यावर आलेलं ओझं म्हणून करू नका. फाइल करावीच लागते, ती करा. पण वर्षातून एकदा, निदान एका निष्पत्तीसाठी, आपल्या रानात आत शिरा. जागा आपण निवडू नका, चिठ्ठीला निवडू द्या. इतिहास शिकवत असाल तर न शिकवलेल्या काळातला एक कागद समोर ठेवा. मराठी शिकवत असाल तर पुस्तकात नसलेली एक कविता. वाणिज्य शिकवत असाल तर कोपऱ्यावरच्या दुकानाची खरी वही. आणि जे दिसेल ते लिहा. वर बसलेल्यांना माझी विनंती आहे, की कमी आकडा आणणाऱ्या शिक्षकाला आधी विचारा, तुम्हाला काय लागेल? तो आकडा लिहायला त्याला किती बळ लागलं असेल, याचा विचार मग सुचेल.

अण्णा आता थकले आहेत, रानात जात नाहीत. परवा त्यांना पेटारीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, “मग औंदा उतारा किती?”

यंदा मामांच्या चिठ्ठीला दुसरंच झाड आलं. २४ मुलांपैकी १३ जणांनी त्यात जे होतं तेच लिहिलं. आमच्या पायऱ्यांनी त्याचा आकडा होतो एक. तो मी पेनानं लिहिला आहे.